फिकट पट्टी

१४ जुलै, सोमवार. महिन्याच्या पट्ट्या कापायच्या होत्या.

हे काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही. ड्राय रूममधल्या प्रत्येक रॅकवरचा एक रोल घ्यायचा, त्यातून बोटभर रुंदीची पट्टी कापायची, चिमट्यात धरून रंगाच्या द्रावणात बुडवायची, धुवायची आणि पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर ठेवायची. द्रावण पाण्यासारखं बिनरंगी असतं. फिल्म चांगली असेल तर थोड्या वेळाने पट्टी जांभळी व्हायला लागते आणि शेवटी पिकलेल्या जांभळासारखी गडद होते. पाहायला सुंदर दिसते, पण मी ते कधी बोलून दाखवत नाही. रंग आला की बरणीचं झाकण लावते आणि पुढच्या कामाला लागते.

त्या दिवशी पुढच्या रॅकच्या पट्ट्या जांभळ्या झाल्या. मधल्या रॅकच्या जरा कमी. सगळ्यात मागच्या रॅकची पट्टी फिकट गुलाबी झाली आणि तिथेच थांबली. मी घड्याळाकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. ती तशीच. मी घाबरले.

का, ते सांगायला आधी आमचं काम सांगावं लागेल. रोह्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत मुख्यतः पिशव्यांची आणि वेष्टनांची फिल्म बनते. एका कोपऱ्यात मात्र वेगळा विभाग आहे. तिथे पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मवर आधी विजेचा आणि मग रसायनांचा मारा करून तिच्या अंगावर हूक बसवतात. पुस्तकात त्यांना क्रियाशील गट म्हणतात, आम्ही सगळे हूकच म्हणतो. ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचं काम प्रथिनांना पकडून ठेवणं. एक गिऱ्हाईक कंपनी आमची फिल्म घेते, तिच्यावर लेप्टोच्या जंतूंची प्रथिनं चिकटवते आणि रक्त तपासायची कार्डं बनवते.

लेप्टो इकडे समजावून सांगावा लागत नाही. लावणीच्या दिवसांत चिखलात उतरलेल्या माणसाला ताप आला, पोटऱ्या ठणकायला लागल्या, डोळे लाल झाले की घरात पहिला शब्द तोच निघतो. कार्डावर रक्ताचा थेंब टाकायचा. एक रेघ उमटते ती कार्ड चालू असल्याची. दुसरी उमटली तर रोग आहे. नाही उमटली तर नाही, असं समजायचं.

हुकांची अडचण अशी की जो हूक प्रथिनाला चटकन पकडतो, तो वाटेत भेटेल त्यालाही पकडतो. दमट हवेत तो मरतो, उघड्या हवेत मरतो. आणि आमच्याकडची पावसाळ्याची हवा तर कपड्यांनाही वाळू देत नाही. गेली दोन वर्षं मला एकच काम दिलेलं होतं: हूक जास्त दिवस जिवंत ठेवायचे. सुरुवातीला फिल्म काही आठवड्यांत निकामी व्हायची. मग आम्ही ड्राय रूम बांधून घेतली, हवा कोरडी करणारं यंत्र बसवलं, ताजे रोल साध्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून तिथे मुरवायला ठेवू लागलो आणि पाठवायच्या वेळी चंदेरी पाउचमध्ये बंद करू लागलो. फिल्म टिकायला लागली. या पावसाळ्यात गिऱ्हाईक पहिल्यांदाच कार्डं गावोगावच्या दवाखान्यांत वापरून बघणार होतं.

माझी आणखी एक सूचना होती. हुकांना रसायनाचीच एक टोपी घालून फिल्म पाठवायची आणि गिऱ्हाइकाने वापरायच्या आधी सौम्य आम्लात बुडवून ती टोपी काढायची. टोपीखाली हूक कशालाच पकडत नाही, म्हणून मरतही नाही. मॅनेजरांनी नको म्हटलं. खर्च वाढतो, गिऱ्हाइकाचं काम वाढतं, ड्राय रूम आहे की. मीही फार ताणलं नाही.

आता फिकट पट्टीकडे. पूर्ण मेलेल्या फिल्मची मला भीती वाटत नाही. तिच्यावर काहीच चिकटत नाही, कार्डावर एकही रेघ येत नाही, लोक ते फेकून देतात. भीती अर्धमेल्या फिल्मची. चालू असल्याची रेघ ठळक असते, ती थोड्या हुकांवरही उमटते. रोगाची रेघ मुळातच नाजूक. हूक अर्धे गेले की ती उमटतच नाही. म्हणजे कार्ड शहाण्यासारखं सांगतं, मी चालू आहे आणि या माणसाला काही झालेलं नाही.

शुक्रवारी दोन रोल गिऱ्हाइकाकडे गेले होते. मागच्या रॅकवरचे. तपासणी पुढच्या रॅकवरच्या रोलची झाली होती, कारण बॅच एकच आणि नियम तसाच आहे. सही माझी होती.

मी नवीन द्रावण केलं. नवीन चिमटा घेतला. मागच्या रॅकवरच्या चारही रोलच्या पट्ट्या कापल्या. चारही फिकट. मग आठवलं की तुलनेसाठी याच बॅचचा एक रोल बाहेरच्या गोडाऊनमध्ये ठेवलाय, चंदेरी पाउचमध्ये, उकाड्यात. तो आधी मरायला हवा होता. त्याची पट्टी काढली तर ती गडद जांभळी. मी स्टुलावर बसले. जी खोली आम्ही फिल्म जगवायला बांधली, त्याच खोलीत ती मरत होती आणि बाहेर जगत होती. कारण कळत नव्हतं, आणि कारण न कळणारी गोष्ट उद्या पुढच्या रॅकलाही धरू शकते.

मॅनेजर घाटावरचे, शाकाहारी, कामात चोख. त्यांच्या टेबलावर मी फरशीचा तुकडाच नेऊन ठेवला.

"गिऱ्हाइकाला आत्ता सांगायला पाहिजे," मी म्हटलं.

"काय सांगणार? आमच्या पट्ट्या रुसल्यात?"

"दोन रोल बाजूला ठेवा म्हणून सांगायचं."

"मॅडम, कारण विचारतील. तुमच्याकडे कारण आहे? नाही. कारण नसताना रोल परत मागवले की पुढची ऑर्डर विसरा आणि तो विभागही विसरा. उद्या परत टेस्ट करा. मग बोलू."

"उद्यापर्यंत त्यांनी कापायला घेतले तर?"

"एका दिवसात कोण कापतंय!"

मी परत आले. त्यांचं सगळं चूक होतं असं नाही.

दुपारी वहिनीचा फोन आला. माझं माहेर गडबचं. धाकटा भाऊ शेती करतो, बायको आणि तो, दोघंच घरात.

"ताय, तू घाबरू नको," वहिनी म्हणाली, म्हणजे घाबरायचं काहीतरी होतं. "याला परवापासून ताप हाय. पाय लय दुखतात बोलतो. डॉक्टरांनी कार्ड लावलं, त्यात काय नाय आलं."

"डोळे?"

"लाल हायत."

"एकच रेघ आली का?"

"तुला कसं म्हायत?"

मी रजा टाकली नाही. शिफ्ट संपवली, कारण मध्येच उठून गेले असते तर वाटेतच मला रडू आलं असतं आणि त्याचा कुणाला उपयोग नव्हता. कंपनीची बस रोज पेणपर्यंत जाते, मी तिथेच राहते. त्या दिवशी गडबच्या फाट्यावर उतरले. मनात एक गणित चालू होतं. आमचे रोल शुक्रवारी गेलेत, त्यांची कार्डं अजून बनलेली असणं शक्य नाही, भावाला लावलेलं कार्ड आमच्या फिल्मचं नाही. हे मी स्वतःला नागोठण्यापासून पार गडबच्या फाट्यापर्यंत सांगत होते. बरोबर होतं तरी पुन्हा पहिल्यापासून मोजत होते.

भाऊ पडवीत गोधडी घेऊन पडला होता. डोळे खरंच लाल.

"काय गो ताय, तू पण आलीस? आता मरतोच म्हणायचं मी."

"तोंड सांभाळ. पोटऱ्या दाबू?"

"दाबू नको, दाबलंस तर खरंच मरंन."

वहिनीने कार्ड फळीवर ठेवलं होतं, देवाच्या तसबिरीशेजारी, जपून. डॉक्टरांकडून मागून आणलेलं, शेजारणींना दाखवायला. मी ते हातात घेतलं. एक रेघ, सरळ, ठळक, स्वच्छ. दुसरीच्या जागी पांढरं. मी ते उजेडात धरलं, तिरकं केलं. कुठे गुलाबी सावली दिसते का पाहिलं. आयुष्यात इतक्या पट्ट्या पाहिल्या, पण पांढऱ्या जागेकडे इतकं घाबरून कधी पाहिलं नव्हतं. ही दोन बोटांची जागा लोक देवाशेजारी ठेवतात, आणि ती आमच्यासारख्या कुठल्यातरी कोपऱ्यात बनते, जिथे मॅनेजर म्हणतात उद्या बोलू.

डॉक्टरांचा दवाखाना रस्त्यापलीकडेच होता. मी जाऊन विचारलं, कार्ड कोरं आलं तर तुम्ही काय केलं?

"गोळ्या दिल्यात," ते म्हणाले. "पहिल्या काही दिवसांत कार्ड कोरंच येऊ शकतं. आजार अंगात असतो, रक्तात खूण नंतर उमटते. चिखलात उतरलेला माणूस, लाल डोळे, पोटऱ्या. मी कार्डाची वाट पाहत नाही. रक्त पण पाठवलंय तपासायला. तुम्ही लघवीवर लक्ष ठेवा. कमी झाली किंवा रंग गडद झाला की मला न विचारता सरळ मोठ्या दवाखान्यात न्या."

"सगळे डॉक्टर तुमच्यासारखं करतात?"

ते हसले. "पावसाळ्यात रांग बघता ना बाहेर? गर्दीत कार्डावर भरवसा ठेवणारा पण असतो. कार्ड त्यासाठीच असतं की."

भावापुरता जीव जरा भांड्यात पडला. बाकीच्या सगळ्यांसाठी टांगणीला लागला.

घरी आले तेव्हा वहिनी चुलीशी होती. भावाला पेज करून देत होती आणि तोंडी लावायला तव्यावर सुकट परतत होती. पावसाळ्याआधी आमच्याकडे घरोघर आगोट भरतात, म्हणजे चार महिने पुरेल इतकं सुकं सामान: सुकट, बोंबील, मीठ, पापड, कडधान्य. समुद्र बंद, बाजार भिजलेला, मग तेच खायचं. वहिनीने आगोटीचा पत्र्याचा डबा उघडला आणि कच्च्या सुकटीचा दर्प माझ्या नाकात गेला.

हा वास माझ्या जन्मापासूनचा. मला तो वास म्हणून जाणवतच नाही, जसा आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही. पण त्या संध्याकाळी तो जाणवला, कारण त्याच दिवशी आधी मी तो नकळत घेतला होता. ड्राय रूममध्ये. मागच्या रॅकपाशी.

मी पाटावर बसले होते ती तशीच राहिले.

सुक्या मासळीला जो वास येतो, तो अमाईन नावाच्या रसायनांचा. आमच्या हुकांना प्रथिनं का आवडतात? कारण प्रथिनांच्या अंगावर अमाईनच असतात. हूक त्यांनाच पकडायला बनवलेला. उपाशी माणसासमोर ताट ठेवावं तसं त्या हुकांसमोर कुणीतरी सुकट ठेवली होती. त्यांनी ती वाफ पकडली आणि भरून बसले. साध्या प्लास्टिकच्या गुंडाळीतून वाफ आरपार जाते. चंदेरी पाउचमधून नाही. म्हणून गोडाऊनमधला रोल वाचला.

आणि आठवलं, जूनमध्ये मॅनेजरांनी तक्रार केली होती, ड्राय रूममध्ये मासळीचा वास येतो. पॅकिंगच्या बायका हसून लोळल्या होत्या. त्यांच्यातली सगळ्यात जुनी मावशी म्हणाली होती, "सायबांना खाडीवरनं वारा आला तरी त्यात मासलीच दिसते." मीही हसले होते. सगळ्या विभागात एकच नाक नीट काम करत होतं आणि ते शाकाहारी होतं.

"ताय, जेवत का नाय?" वहिनीने विचारलं. "सुकट तुला आवडते ना?"

"आवडते," मी म्हटलं आणि जेवले. सगळं जेवले. उपाशी राहून घाबरण्यापेक्षा जेवून घाबरलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडबहूनच कंपनीची बस पकडली. निघताना भावाला ताप होताच. नागोठण्यापर्यंत खिडकीतून काहीच पाहिलं नाही. रोह्याला उतरले ती हजेरी लावून सरळ ड्राय रूममध्ये गेले. मागच्या रॅकच्या पाठी, कोरडी हवा जिथून आत येते त्या जाळीपाशी, खोक्यांच्या आडोशाला पाच-सहा पिशव्या होत्या. तोंडं दोऱ्याने बांधलेल्या. सुकट, बोंबील, वाकट्या, पापड. गरम कोरड्या हवेचा झोत पिशव्यांवरून येऊन पहिल्यांदा मागच्या रॅकवर पडत होता. जागा निवडणारीला हवेचं चांगलं कळत होतं.

पॅकिंगच्या बायका आल्या तशी मी एक पिशवी हातात धरून उभी राहिले.

"ही कुणाची?"

मावशीच पुढे आली. खाडीकाठच्या गावची, मिठागरावर वाढलेली, कुणाला न घाबरणारी. त्या दिवशी मात्र तिचा आवाज बारीक होता.

"माजी हाय. आन् हिची, आन् तिची. सगल्यांची हाय."

"इथे कशाला ठेवली, मावशी?"

"मंग कुठं ठेवू? घरात पत्रा गलतो. सुकटीला बुरशी आली का चार महिने काय खावाचं, तुमची फिल्म?" कुणीतरी मागून फिसकन हसलं आणि गप्प झालं. "आन् तुमीच सांगितलंव ना मॅडम, पयल्या दिवशी. या खोलीत ठेवलेली वस्तू खराब व्हत नाय."

सांगितलं होतं. खोली सुरू झाली त्या दिवशी सगळ्यांना उभं करून मी हेच वाक्य बोलले होते. आर्द्रता सांगितली, ऑक्सिजन सांगितला. मासळी सांगितली नव्हती. कोण सांगेल?

"कामावरनं काढाल का?" मावशीने विचारलं.

"आधी पिशव्या काढा. सगळ्या. लॉकरच्या खोलीत नाही, गेटबाहेर वॉचमनच्या केबिनमध्ये. यातली मूठभर सुकट मला हवी."

"तुमाला? घ्या की. मागायला लाजलाव का काय?"

मॅनेजर यायला वेळ होता. मी लॅबमध्ये जाऊन दार लावलं आणि गिऱ्हाइकाच्या तपासणी विभागाला माझ्या फोनवरून फोन लावला. पलीकडे एक गृहस्थ होते, त्यांच्याशी नेहमी बोलणं व्हायचं.

"शुक्रवारचे दोन रोल. वापरू नका. बाजूला ठेवा," मी म्हटलं.

"एक काल संध्याकाळी कापायला घेतला, मॅडम."

"कार्डं बनली?"

"नाही, नुसत्या पट्ट्या पडल्यात. प्रथिनं आज लावणार."

"लावू नका. कापलेलं वेगळं ठेवा, त्यावर खूण करा. हूक अर्धे भरलेत. तुमचं कार्ड रेघ दाखवेल आणि रोग दाखवणार नाही."

"लेखी द्याल?" त्यांनी विचारलं.

"आत्ता देते. कारणासकट."

दिलं. कारणात 'साठवणुकीच्या खोलीत सुकी मासळी' असंच लिहिलं. दुसऱ्या शब्दांत लिहिलं असतं तर त्यांना कळलं नसतं.

मॅनेजर आले तेव्हा त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं, फोनपासून सुरुवात करून. त्यांचा चेहरा लाल झाला. मग मी मासळीपाशी आले तसा उतरला.

"मी जूनमध्ये सांगितलं होतं."

"हो. आम्ही हसलो."

"कुणी ठेवली?"

"सगळ्यांनी. आगोट आहे ती, साहेब. घरात कोरडी जागा नाही आणि आपण इथे एक बांधली. कुणाला काढायचं असेल तर खोली माझ्या ताब्यात आहे, माझ्यापासून सुरुवात करा. पण आधी टोपीचं मनावर घ्या. आज सुकट निघाली, उद्या कुणी डोक्याला रंग लावून येईल, परवा फरशी पुसायचं औषध बदलेल. हवेत काय काय येतं त्याच्यावर पहारा ठेवता येत नाही."

"चालेल टोपी?"

"माहीत नाही. बघते."

त्यांनी मान हलवली. हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. ऑर्डर राहील का, विभाग राहील का, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. पण ते दोन रोल आता कुणाच्या घरी देवाशेजारी जाणार नव्हते.

मी तीन बरण्या घेतल्या. पहिलीत गोडाऊनमधल्या चांगल्या रोलची पट्टी एकटीच ठेवली. दुसरीत तशीच पट्टी आणि तळाला मावशीची सुकट. तिसरीत सुकट आणि टोपी घातलेली पट्टी, मागच्या वर्षी करून ठेवली होती ती. सुकट पट्टीला लागू नये म्हणून मध्ये जाळी बसवली. झाकणं घट्ट लावली, वर चिकटपट्टी गुंडाळली, नावं लिहिली आणि तिन्ही बरण्या एका ओळीत कपाटात ठेवल्या. हाताला वास येत होता. साबणाने दोनदा धुतले.

मग वहिनीला फोन लावला आणि विचारलं, लघवीचा रंग कसा आहे.